आज खाणार की उद्या?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



फ्रान्समध्ये ल्यों शहरी माझी मुलगी राहते. तिच्याकडे मी दोनदा जाऊन आले. तिथल्या बाजाराविषयी चार शब्द सांगते.

तेथील क्र्वा-रूस टेकडीवर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. पहिल्या खेपेस, डिसेंबरात, लालभडक स्ट्रॉबेरी पाहून मी भुलले. घरी आणली तर अगदी पाणचट! मुलगी म्हणाली, "आई, पाटी वाचायची होतीस!" माल कोणत्या देशाचा, हे पाटीवर लिहिणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. माझी फळे दूर देशाहून आलेली होती. त्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्यांकडे कोबी, गाजर नि भोपळा!

मग मी एक शब्द पाठ केला : 'प्रोद्युक्तर', म्हणजे स्वतः पिकवणारा. बाकीचे घेऊन विकणारे. दुसऱ्या खेपेस, जूनमध्ये, अशाच एका बाईंकडे गेले. स्ट्रॉबेरी लहान, वेडीवाकडी. पण काय तिचा वास! खरबूज मी दाबून पाहू लागले, तोच बाईंनी हळूच थांबवले. विचारले, "आज खाणार की उद्या?" आणि हुंगून स्वतःच निवडून दिले.

भगिनींनो, माझी आई अक्षय्य तृतीयेआधी आंबा घरात आणीत नसे. तो नेम मीच मोडला होता. परमुलखातल्या त्या बाईंनी मला तो पुन्हा लावून दिला.