हुशार मुलाचे अडलेले अक्षर



आम्ही शिकलो ते कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. शिक्षणशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण माणसाची किंमत चुकीच्या मापाने कशी होते, हे चळवळीने आम्हांस पुरते शिकविले आहे.

कुडपणच्या एखाद्या वाडीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. भाताचा हिशेब तोंडी करतो, बिघडलेला पंप खोलून चालू करतो, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पुस्तक हाती दिले की मात्र ‘घ’ आणि ‘ध’ यांत घोटाळतो, काना-मात्रा गाळतो. अर्धे पान लिहिता तास जातो. शाळा म्हणते, आळशी. घर म्हणते, एवढे येते, मग लिहायलाच काय होते? दोघेही चुकतात. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. मेंदू अक्षर आणि उच्चार यांची सांगड ज्या रीतीने घालतो, त्या रीतीतच फरक असतो. बुद्धी शाबूत असते. मुलगा हुशार असला की ओळखणे आणखी कठीण. बुद्धीच्या जोरावर तो कसाबसा पास होतो. बुद्धी दोष झाकते, दोष बुद्धीला झाकतो, आणि मुलगा ‘मध्यम’ ठरतो.

बोथट कोयता हाती द्यावा आणि कापणी कमी झाली म्हणून रोजी कापावी, तसा हा न्याय!

तीव्र बुद्धीच्या मुलांसाठी पुण्यात १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी निघाली. अध्ययन अक्षमता असलेल्यांना आपल्या राज्यात १९९६ पासून शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या कायद्याने २१ अपंगत्वांत तिची गणना केली. पण एकाच मुलात दोन्ही गोष्टी असल्या, तर तो कोणाच्याच यादीत बसत नाही. शिवाय सवलतीला तपासणीचा दाखला हवा, आणि त्यासाठी कुडपणच्या आईबापांनी रोजी बुडवून शहर गाठायचे!

म्हणून आमची मागणी साधी आहे. तपासणी तालुक्याला व्हावी. तोवर गुरुजींनी प्रश्न वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे. अक्षराला सावकाश शिकवणी द्यावी. पण डोक्याला गणित अवघडच द्यावे, आणि शिक्षा म्हणून त्याच्या हातचा पंप काढून घेऊ नये. कायद्याने दिलेला हक्क मागितल्यावाचून पदरात पडत नाही, हे कामगाराला ठाऊक आहे. हे मूल स्वतः मागू शकत नाही. त्याच्या वतीने आपण मागावे, एवढीच विनंती.