धीर म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घेणे



शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली ‘झुंजारराव’ नावाने मराठी रूपांतर केले. मूळ नाटकात इयागो नावाचा इसम एका उतावळ्या सोबत्याची समजूत घालतो. आशय असा, की ज्याच्यापाशी धीर नाही तोच खरा गरीब; जखम भरते ती हळूहळूच.

बोल सोन्यासारखे, पण बोलणारा खलपुरुष! हाच इसम पुढे ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय भरतो. पुरावा काय, तर तिच्याकडून पडलेला एक हातरुमाल. ऑथेल्लो तिचे ऐकून न घेता तिचा जीव घेतो. ती निर्दोष असल्याचे त्याला लगेच कळते, पण वेळ गेलेली असते.

म्हणजे नुसते गप्प राहणे हा धीर नव्हे. इयागोही धीरानेच डाव रचत होता. दुसरी बाजू ऐकेपर्यंत हात आवरणे, हा खरा धीर.

बांधाच्या भांडणात हेच घडते. कोणी कानाशी लागतो, ‘तुझ्या भावाने बांध कोरला.’ विचारपूस नाही, मोजणी नाही, एकदम कुऱ्हाड निघते. मग कोर्टाच्या तारखा, वकिलाची फी, आणि बांधापायी अख्खे शेत गहाण!

कायदा मात्र धीराने चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे फेरफार धरला की लगेच मंजूर होत नाही. तो चावडीवर लागतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. लोक त्याला उशीर म्हणतात. पण ते दिवस दुसऱ्याचे ऐकण्यासाठीच ठेवलेले आहेत.

मंदिराच्या कामातही हेच आहे. स्लॅब ओतला की रोज पाणी मारावे लागते. पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. घाई केली तर तडा जातो. मग भावाभावांतला तडा एका दिवसात कसा सांधेल?

देणगीच्या पावत्या सर्वांनी फाडल्या. आता पावती नसलेली एक देणगी उरली आहे. ज्यांचा अबोला आहे, त्यांनी या पायरीवर बसून समोरच्याचे एकदा पुरते ऐकून घ्यावे. ती देणगी देवाला नक्की पोचेल.

हीच श्रीचरणी प्रार्थना.