आकड्यामागची साखळी



सौर प्रारणाच्या अचूक मोजमापाचा विचार करणाऱ्या या परिषदेसाठी पुणे हे शहर योग्यच आहे. आशिया खंडासाठीचे जागतिक हवामान संघटनेचे एक प्रारण केंद्र इथल्या हवामान खात्याच्या प्रयोगशाळेत आहे. अ‍ॅना मणी यांनी १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर प्रारण केंद्रांचे जाळे उभारले, तेव्हा त्यांचा भर केवळ उपकरणांची संख्या वाढवण्यावर नव्हता. एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीशी ताडता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह आज अधिक निकडीचा झाला आहे, असे मला ठामपणे वाटते.

प्रारणाचा आकडा विश्वासार्ह ठरतो तो त्याच्यामागच्या तुलनेच्या साखळीमुळे. स्वित्झर्लंडमधल्या डाव्होस येथे साधारण दर पाच वर्षांनी देशोदेशीची प्रमाण उपकरणे एकत्र आणून जागतिक प्रमाणाशी ताडली जातात. त्या प्रमाण उपकरणांतली काळी पोकळी आधी सूर्यप्रकाशाने तापते. मग झडप बंद करून विजेने तेवढीच तापवतात आणि किती वॅट लागले ते मोजतात. या प्रमाणाची अनिश्चितता सुमारे ०.३ टक्के आहे. तिथून राष्ट्रीय प्रमाण, मग प्रयोगशाळेतले संदर्भ उपकरण आणि शेवटी प्रकल्पावरचा प्रारण मोजणारा पायरॅनोमीटर अशी साखळी उतरत येते. प्रत्येक पायरीवर अनिश्चितता वाढते. शेवटच्या पायरीवर पायरॅनोमीटरच्या घुमटावर धूळ असेल, पाणसळीतला बुडबुडा मध्यावरून सरकला असेल, सिलिका जेल ओलावलेले असेल, तर वरची सारी मेहनत वाया जाते.

कोणी म्हणेल, मोजमापातल्या दोन टक्क्यांच्या चुकीने काय बिघडते? सौर वीजप्रकल्पाची कामगिरी ठरवताना प्रारण छेदस्थानी असते. उपकरण दोन टक्के कमी दाखवत असेल, तर ७८ टक्के कामगिरी ७९.६ टक्के भासते आणि पॅनेलची झीज झाकली जाते. अनेक उपकरणांची सरासरी घेतली की चूक निघून जाते, असाही युक्तिवाद होतो. सरासरीने यादृच्छिक चुका घटतात. सगळी उपकरणे एकाच बिघडलेल्या संदर्भावरून जुळवलेली असतील, तर तीच चूक सरासरीतही जशीच्या तशी उतरते. उपग्रहांचे अंदाज हाताशी आहेत, हे खरे. पण ते पारखायचे कशावर, तर जमिनीवरच्या उपकरणांवरच. म्हणजे उपकरणे प्रमाणाशी ताडण्याची, अर्थात कॅलिब्रेशनची, गरज उपग्रहांमुळे वाढलीच आहे. खर्चाची अडचण मी नाकारत नाही. मात्र उपकरण खरेदीसाठी तरतूद असते आणि फेरतपासणीसाठी नसते, ही काटकसर नव्हे.

म्हणून या परिषदेने एक ठराव आवर्जून करावा: प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक प्रारण नोंदीसोबत कॅलिब्रेशनची तारीख, संदर्भ उपकरण आणि अनिश्चितता दिली जावी आणि निविदांमध्ये फेरतपासणीचा खर्च पहिल्यापासून धरला जावा. आपल्या चर्चेतून हे घडो, ही सदिच्छा व्यक्त करतो आणि परिषदेच्या अध्यक्षांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.