सायकलीचा दिवा कोणासाठी?



स्मृतिव्याख्यानासाठी सायकलीच्या दिव्यासारखा साधा विषय मी घेतला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या शाळेत आजही आसपासच्या खेड्यांतून मुले सायकलीने येतात. शाळेची जबाबदारी फाटकापाशी संपत नाही, अशी माझी धारणा आहे. मूल घरी सुखरूप पोहोचेपर्यंत ती संपत नाही.

संकेश्वर हे रस्त्यांचे गाव आहे. पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ४ आणि आताचा ४८, येथून जातो. गडहिंग्लज-आंबोलीचा रस्ता येथूनच फुटतो. सुवर्ण चतुर्भुज योजनेत महामार्ग चौपदरी झाला आणि प्रवास वेगवान झाला, हे खरेच. पण मध्ये दुभाजक आला. पलीकडे जाण्याची वाट दूर गेली, की सायकलस्वार उलट्या बाजूने येऊ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरण्यकेशी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो आणि त्याच रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रंदिवस चालतात. त्याच दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जादा तासाला थांबलेला विद्यार्थी, पाळी संपवून निघालेला कामगार आणि पहाटेचा दूधवाला, तिघेही अंधारात रस्त्यावर असतात.

आता थोडे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही आहे हे उमजून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो, म्हणजे २५ मीटर संपतात. पुढे कोरड्या रस्त्यावरही वाहन थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर झाले. गडद कपड्यांतला, दिवा नसलेला सायकलस्वार मोटारीच्या खाली वळवलेल्या प्रकाशात बहुधा ३०-४० मीटरांवर आल्यावरच दिसतो. चालक सावध असला, शुद्धीत असला, तरीही हे गणित जुळत नाही. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे दगावली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सायकलीचा दिवा स्वाराला रस्ता दिसावा एवढ्यासाठीच नसतो. त्याहून अधिक तो स्वार इतरांना दिसावा म्हणून असतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी हे सर्वांना ठाऊक होते. पुण्यासारख्या शहरात सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि दिवा नसेल तर पोलीस अडवीत. आधी तेलाचा दिवा होता, पुढे डायनामो आला. डायनामोने पायडल जड होई आणि सायकल थांबली की दिवाही विझे. आज एलईडीमुळे ती अडचण राहिलेली नाही. पण बिल्ला गेला, तपासणी गेली आणि त्यांच्याबरोबर दिव्याची सवयही गेली.

दिवा नसेल तेथे परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टर, पुष्कळ काम करतो. यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यांनी १९३४ साली रस्त्यात बसवायच्या ‘मांजराच्या डोळ्यां’चे पेटंट घेतले. तत्त्व तेच, प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवायचा. त्याला सेल लागत नाही आणि चांगला परावर्तक शंभर मीटरांहून अधिक अंतरावरून चमकतो. सायकलींच्या परावर्तकांना भारतीय मानक लागू करणारा आदेश केंद्र सरकारने २०२० साली काढला. मात्र मागचा परावर्तक कॅरिअरखाली असतो आणि त्यावर वैरणीचा भारा किंवा दप्तर लोंबले, की तो असून नसल्यासारखा होतो. ट्रॉलीच्या परावर्तकावर उसाची वाढी लोंबते, तसेच हे. पायडलचे परावर्तक मात्र वरखाली हलतात आणि ही सायकल आहे, तिच्यावर माणूस आहे, हे चालकाला लांबूनच कळते.

दिवे वाटण्याचे चांगले प्रयत्न आपल्या देशात झाले आहेत. लखनौमध्ये २०२० च्या डिसेंबरात एका विद्यार्थिनीचे आजोबा रात्री सायकलीवर असताना मोटारीच्या धडकेने गेले. तिने दुःख कवटाळून न बसता अनोळखी सायकलस्वारांच्या सायकलींना स्वतः लाल दिवे लावायला सुरुवात केली. आपल्याकडेही हंगामाच्या तोंडावर ऊसवाहनांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा होतात. या सर्वांबद्दल मला आदर आहे. तरीही एक प्रश्न विचारला पाहिजे. वाटलेला दिवा सहा महिन्यांनी कोठे असतो? सेल संपतो, पावसाचे पाणी शिरते, पट्टी तुटते. छायाचित्र राहते आणि दिवा विझतो. म्हणून दिवा देणाऱ्याने त्याची देखभालही दिली पाहिजे, नाहीतर ते देणे अर्धेच राहते.

कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची योजना राबवली. तिच्यामुळे अनेक मुलींचे शिक्षण सुटता सुटता वाचले, हे ऋण मान्य करूनच मी म्हणेन की सायकल मिळाली, तरी सुरक्षित वाट मिळवणे बाकी राहते. ते काम शाळा करू शकते. सत्राच्या आरंभी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक सायकल तपासावी. मागे लाल, पुढे पांढरा व पायडलवर पिवळा परावर्तक असावा. दप्तराला चमकती पट्टी शिवावी. ज्यांना उशीर होतो त्यांना दिवा द्यावा आणि सेल बदलण्याचे काम वर्गप्रमुखाकडे सोपवावे. उलट्या बाजूने येण्याची पाळी कोठे येते, त्या जागा मुलांनीच नकाशावर दाखवाव्यात आणि तो नकाशा शाळेने नगरपालिकेकडे व महामार्ग खात्याकडे पाठवावा. कारण सारे ओझे सायकलस्वाराच्या माथी मारणे न्यायाचे नाही. वेग आवरणे हे चालकाचे आणि वाट देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. सूचना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत असाव्यात. दोन्ही माध्यमांची मुले एकाच रस्त्याने घरी जातात.

या तालुक्याला हे काम अवघड नाही. १९६९ साली येथील लोकांनी हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संस्था उभी केली आणि सहकाराच्या बळावर खेड्यापाड्यांत वीज नेली. घरे उजळली. त्या घरांकडे जाणाऱ्या वाटेवरचा माणूसही दिसला पाहिजे, एवढेच आता करावयाचे आहे. माजी विद्यार्थ्यांच्या एकेका तुकडीने एकेका वर्षाच्या दिव्यांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा भार उचलावा, अशी माझी नम्र विनंती आहे. गुरुवर्यांचे स्मारक म्हणून मला याहून उचित काही सुचत नाही.