दफ्तर बदलण्याआधी
(मराठी उद्योजक मेळाव्यातील भाषण)



देवासला एकाच गावात दोन गाद्या नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पण आपल्या कारखान्यांत दोन दफ्तरे अजून आहेत: संगणकावर एक हिशेब, मुनीमजींच्या वहीत दुसरा!

नवे सॉफ्टवेअर घ्यावेच लागते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना, व्यापाऱ्याला माल विकताना ई-बीजक सक्तीचे झाले. प्रश्न आहे तो कसे घ्यावे, याचा.

पहिली गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. ही सोय नसेल तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

दुसरी. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेब ८ वर्षे जपावे लागतात. विक्रेता तोवर टिकेलच असे नाही. करार संपल्यावर आपली सगळी खाती वापरता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे लेखी घ्या.

तिसरी. एक-दोन महिने दोन्ही हिशेब चालवा, शिल्लक रुपयारुपयाने जुळवा आणि ठरल्या तारखेला जुनी वही बंद करा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसांची. पीथमपूरच्या एका छोट्या कारखान्यात मी स्वतः पाहिले. एकच सुटा भाग संगणकात तीन नावांनी चढला होता. पडद्यावर साठा भरपूर, गोदाम रिकामे! तीस वर्षे माल मोजणाऱ्या मुनीमजींना कोणी विचारलेच नव्हते. त्यांना आधी शिकवा, आणि त्यांच्याकडून आधी शिकाही.

मोठ्या कंपन्या शिकवणीचा खर्च सोसतात. आपल्या लहान कारखानदारांना तो झेपत नाही. म्हणून धार आणि देवास, दोन्ही जिल्ह्यांत हिशेबनिसांसाठी सरकारी प्रशिक्षण वर्ग भरावेत, ही आपली मागणी आहे. मते मागायला दारी येणाऱ्यांना रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा.

पिढ्यान् पिढ्या माळव्यात आपल्या लोकांनी दफ्तरे चोख ठेवली. साधन बदलले, तरी तो चोखपणा सोडू नये, एवढीच विनंती.