नवनिर्माणाआधी जीर्णोद्धार

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी सभेत नवघर येथे केलेले भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या आपल्या ट्रस्टचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. या शुभप्रसंगी एक विचार आपणांपुढे मांडावयाचा आहे. सार्वजनिक पैसा, मग तो शासनाचा असो वा धर्मादाय संस्थेचा, आधी कोठे खर्च व्हावा? नवे भव्य उभारण्यावर, की जुने जतन करण्यावर?

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. अरबी समुद्रातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मारकाचे जलपूजन 24 डिसेंबर 2016 रोजी झाले. खर्चाचा अंदाज होता सुमारे 3,600 कोटी रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी 2019 मध्ये काम थांबले. त्याच सुमारास रायगडाच्या जतन व विकासासाठी सुमारे 600 कोटींचा आराखडा मंजूर झाला. त्यातही रस्ते आणि पर्यटकांच्या सोयी धरलेल्या होत्या. ज्या गडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, जेथे त्यांची समाधी आहे, त्या गडाच्या वाट्याला पुतळ्याच्या अंदाजाचा सहावा हिस्सा!

मालवणची घटना तर सर्वांच्या स्मरणात आहे. राजकोट येथे 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. नऊ महिनेही तो टिकला नाही. 2025 मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. आणि समोरच समुद्रात, स्वतः महाराजांनी 1664 मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग साडेतीनशे वर्षे लाटा झेलीत आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत रायगड आणि सिंधुदुर्गही आहेत. जगाने गौरविले ते महाराजांनी घडविलेल्या दुर्गांना.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड व्यापारी. हिशेबशास्त्रात घसारा नावाची बाब असते. मालमत्ता दरवर्षी झिजते, म्हणून तिच्यासाठी तरतूद करावी लागते. नव्या शोकेसवर पैसा ओतून गोदामातील तागे वाळवीच्या हवाली करणाऱ्या दुकानदाराला बाजारात कोणी शहाणा म्हणणार नाही.

माझा भव्य मूर्तींना विरोध नाही. श्रवणबेळगोळचे 57 फुटी गोमटेश्वर हजार वर्षांहून अधिक काळ उभे आहेत. परंतु मूर्तीसोबत तेथे बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकाची परंपरा आणि ती चालविणारा समाजही आहे. निर्मितीला निगेची जोड मिळाली, की ती चिरंजीव होते.

नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपले साधू-भगवंत व्याख्यानात सांगत आले आहेत. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीने कस्तुरभाई लालभाई यांच्या नेतृत्वाखाली राणकपूर व देलवाड्याच्या मंदिरांचा जीर्णोद्धार केला. तेथील नवे काम जुन्यात मिसळून गेले, हेच त्या कार्याचे यश.

मग शासनाकडे बोट दाखविताना आपणही आत्मपरीक्षण करू या. नव्या प्रवेशद्वारासाठी, नव्या सभागृहासाठी चढाव्यांची बोली चटकन वर जाते, कारण तेथे नावाची तक्ती लागते. गळणारे शिखर दुरुस्त करण्यासाठी, जुन्या हस्तलिखितांना वाळवीपासून वाचविण्यासाठी मात्र दाता शोधावा लागतो.

म्हणून माझी दोन नम्र निवेदने आहेत. एक, ट्रस्टने यावर्षीपासून उत्पन्नाचा ठराविक भाग, शास्त्रमर्यादा पाळून, जीर्णोद्धारासाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेत स्वतंत्रपणे मांडावा. दुसरे, आपल्या पाठशाळेच्या मुलांना वर्षातून एकदा जवळचा घोडबंदर किल्ला आणि खाडीपलीकडचा वसईचा किल्ला दाखवावा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेली वसई इतकी जवळ असूनही आपल्या मुलांना ठाऊक नसेल, तर उद्या तिच्या जतनासाठी आग्रह कोण धरणार?

शताब्दी साजरी करणाऱ्या पिढीला आपल्या हातून नव्या वास्तू मिळोत न मिळोत, जुन्या मात्र सुस्थितीत मिळाव्यात, ही अपेक्षा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!