सापडले नाही म्हणजे नाही काय?



वसंतातल्या व्याख्यानांना आपण येता ते इतिहास ऐकावा, संतांची वाणी ऐकावी, चार नव्या विचारांची ओळख व्हावी म्हणून. अशा व्यासपीठावर संगणकातल्या फाइलींच्या नावांचा विषय घेऊन एक कामगार कार्यकर्ता उभा राहतो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले. बाकीचे हजेरीपट, पगारचिठ्ठ्या आणि कायद्याची पुस्तके यांनी केले. ते हजेरीपट आता कपाटातून संगणकात गेले. त्यांच्या मागोमाग मलाही तेथे जावे लागले.

संगणकात हजारो फाइली असतात. प्रत्येकीचे पूर्ण नाव कोणाला आठवणार? म्हणून आपण नावाचा नमुना देतो. रमीच्या डावात जोकर जसा कोणत्याही पानाच्या जागी चालतो, तशी दोन चिन्हे येथे चालतात. चांदणी म्हणजे कितीही अक्षरे, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर. 'हजेरी*' असे लिहिले की हजेरीने सुरू होणारी सारी नावे समोर यावीत. इतके सोपे असते तर मी आपला वेळ घेतला नसता.

पहिली गोष्ट ही की, ही चांदणी उलगडते कोण? बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभारले. १९७१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत या कामासाठी 'ग्लॉब' नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. आजही युनिक्स आणि लिनक्स यांत हुकूम घेणारा भाग आधी यादी तयार करतो व मग ती पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. मुकादमाने दारातच नावे पुकारून यादी साहेबाला द्यावी, तसे. डॉस आणि विंडोज यांत चांदणी जशीच्या तशी प्रोग्रॅमकडे जाते व ज्याने त्याने तिचा अर्थ लावायचा असतो. दहा साहेब, तर दहा अर्थ होण्याची सोय झालीच.

दुसरी गोष्ट घराण्याची. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी-एम ही कार्यप्रणाली रचली. तीत नावाला आठ जागा आणि शेपटाला तीन. चांदणी आली की उरलेल्या जागा प्रश्नचिन्हांनी भरायच्या, अशी तिची रीत. १९८१ साली आलेल्या डॉसने ती उचलली. त्यामुळे चांदणीनंतर लिहिलेली अक्षरे डॉस बाजूला टाकी. या आठ-तीनच्या हिशेबाची सावली विंडोजवर अजून आहे. जेथे जुन्या पद्धतीची छोटी नावे ठेवली जातात, तेथे शेपटात 'एचटीएम' मागितले तर 'एचटीएमएल'च्या फाइलीही येतात. शोधताना हे चालेल. पुसताना चालणार नाही.

'चांदणी, टिंब, चांदणी' हा नमुना घ्या. विंडोजमध्ये त्याचा अर्थ सगळे, मग नावात टिंब असो वा नसो. लिनक्सवर मात्र टिंब असलेलीच नावे येतात. तेथे टिंबानेच सुरू होणारी नावे तर साध्या चांदणीला दिसतही नाहीत. विंडोज रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरे सहसा एक मानते, लिनक्स वेगळी मानते. डिजिटल कंपनीच्या व्हीएमएसमध्ये एका अक्षराला टक्केचिन्ह लागे. माहितीसाठ्यांच्या एसक्यूएल भाषेत तेच टक्केचिन्ह कितीही अक्षरांना लागते. चिन्ह तेच, कायदा गावागणिक निराळा.

आता आपल्या लिपीकडे वळू. 'खांब' या शब्दात अक्षरे किती? मूल सांगेल, दोन. संगणक सांगतो, चार: ख, काना, अनुस्वार आणि ब. युनिकोडमध्ये त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणून लिनक्सवर दोन प्रश्नचिन्हे दिली तर आपले गाव सापडत नाही. चार द्यावी लागतात. या हिशेबाचा कधी फायदाही होतो. आपल्या तालुक्याचे नाव कोणी रोहा लिहितो, कोणी रोहे. 'रोह?' असा नमुना दिला की दोन्ही येतात, कारण काना आणि मात्रा यांची प्रत्येकी एकच जागा धरली जाते.

पण मराठीतला एक वर्ण फार फसवतो, तो म्हणजे 'कर्मचाऱ्यांची' या शब्दातला अर्धा ऱ. तो तीन तऱ्हांनी साठवता येतो. ऱ हे एकच चिन्ह घेऊन. साध्या र ला नुक्ता देऊन. किंवा र् च्या पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही सारखी, यंत्राच्या लेखी तिन्ही वेगळी. मॅकवर १९९८ साली आलेली फाइलव्यवस्था नावातला ऱ आपणच फोडून र आणि नुक्ता असा ठेवी. २०१७ मध्ये आलेली नवी व्यवस्था तसे करीत नाही. लिनक्स जे मिळेल ते तसेच ठेवते.

याने कोणाचे काय बिघडते? एका कामगाराचे ऐका. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग ५ वर्षांच्या नोकरीची अट होती. कारखान्याने कळविले की हजेरी ३ वर्षांचीच सापडते. कारकून प्रामाणिक होता. त्याने 'कर्मचाऱ्यांची*' असे शोधले होते आणि पडद्यावर आले ते आम्हांला दाखवले. आम्ही 'कर्मचा*हजेरी*' असे शोधावयास लावले. राहिलेली दोन वर्षे तेथेच होती. ती नावे निराळ्या यंत्रावर, निराळ्या ऱ ने लिहिली गेली होती. एका नुक्त्यापायी दोन वर्षांचा घाम हिशेबातून वगळला जात होता.

तसेच जिल्ह्याच्या नावाचे. १९८१ पर्यंत आपला जिल्हा कुलाबा होता. जुने कागद जेव्हा संगणकात चढतात तेव्हा त्यांच्यावर कुलाबाच लिहिलेले असते. 'रायगड*' असा शोध घेणाऱ्याला आपले आजोबा या जिल्ह्यात राहतच नव्हते असे वाटेल.

म्हणून माझे सांगणे थोडेच आहे. फाइलीचे नाव साधे ठेवा: आधी वर्ष, मग विषय, आणि एका कचेरीत एकच शुद्धलेखन. नावात मोकळी जागा ठेवू नका. पुसण्याचा हुकूम देण्यापूर्वी तोच नमुना देऊन नुसती यादी पाहा. लिनक्सवर चांदणी आणि पुढचे टिंब यांच्यामध्ये चुकून मोकळी जागा पडली, तर ती एकटी चांदणी म्हणजे 'सगळे', आणि तेथील पुसण्याचा हुकूम बहुधा पुन्हा विचारीत नाही. शोधताना मात्र नमुना सैल ठेवा, जोडाक्षरे टाळा, आणि जुनी नावेही विचारा.

आणि कोणत्याही कचेरीत 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे पुढचा प्रश्न करा: कोणत्या नावाने शोधलेत? यंत्र खोटे बोलत नाही, परंतु ते विचारलेल्याच प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न नीट विचारणे हे आपले काम आहे, आणि ज्याचा हक्क त्या कागदात आहे त्याने ते दुसऱ्यावर सोपवून घरी बसू नये.